प्लॅस्टरला खिडकी

माझ्या पोटात कळ यायला फार काही लागत नाही. दार कुणी जरा जोरात वाजवलं तरी येते. त्या रविवारी चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "या महिन्यात प्रत्येकानं मंडळीबाहेरच्या एका घरची काहीतरी सेवा करायची. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथं उभं राहून त्याची साक्ष द्यायची." सेवेचं मला काही वाटलं नाही. सेवा तर माझा धंदाच आहे. पण उभं राहायचं ऐकलं आणि कळ आली.

साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते आपल्या तोंडानं चारचौघांत सांगायचं. आमच्या मंडळीत काहीजण इतकी सुंदर साक्ष देतात की ऐकत राहावं. मी सातवीत शाळा सोडलेली. आई आजारी पडली, धाकट्या दोघांना बघायला घरी राहिले, ती राहिलेच. पवित्र शास्त्र वाचताना अजून ओळीखाली बोट धरते. बोट सरकलं की देवाचं वचन चुकतं, अशी भीती वाटते.

माझं माहेर किनवट तालुक्यात, इस्लापूरकडं. पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज शेतातून ऐकू येतो. तिथून नांदेड, नांदेडहून लातूर, असा अख्खा दिवस मोडतो, म्हणून वर्षातनं एकदाच जाणं होतं. मालक बोअरच्या गाडीवर कामाला, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी लातूरला एका हाडांच्या दवाखान्यात मावशी आहे. वय सत्तावीस, पण सत्तर वर्षांचे पेशंटही "मावशी, जरा धरा" म्हणतात. फरशी पुसायची, पेशंटला धरून न्यायचं, प्लॅस्टरच्या खोलीत कोमट पाण्याची बादली भरून द्यायची, हे माझं काम. कामाबद्दल माझी तक्रार नाही. परक्या गावात मला कामानं धरून ठेवलं.

आम्ही राहतो ते एका किराणा दुकानामागच्या खोलीत. दुकानवाल्यांची आई म्हणजे अव्वा. त्या मूळच्या उदगीरकडच्या, लिंगायत. त्यांच्या बोलण्यात मधूनच कानडी येतं. गल्लीत सगळेच त्यांना अव्वा म्हणतात. त्यांच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत. मी कामावरून आले की भिंतीपलीकडून हाक यायची, "ऊट आयता गं?" म्हणजे जेवलीस का. मी म्हणायची, "आत्ता करून राहिले, अव्वा." त्यावर त्या हसायच्या. "करून राहिली म्हणं! आमच्यात करलालेय म्हणत्यात. तुमच्या किनवटाकडं माणसं काम करत्यात का नुसती राहत्यात?"

त्याच आठवड्यात अव्वा न्हाणीत घसरल्या. डावं मनगट मोडलं. आमच्याच दवाखान्यात आणलं आणि मीच त्यांना धरून प्लॅस्टरच्या खोलीत नेलं. बोटांच्या मुळापासून कोपराच्या खालपर्यंत पांढराशुभ्र हात करून त्या घरी आल्या. घरात बाईमाणूस नव्हतं. सून बाळंतपणाला उदगीरला गेलेली, बाळ दोन दिवसांचं. दुसऱ्या दिवशी दुकानवाले दादा माझ्या दाराशी आले.

"ताई, आईला दुपारचं तेवढं वाढता का? गिऱ्हाईक सोडून उठता येईना. सकाळी दूध मी देतो, संध्याकाळी खिचडी लावतो."

मला इतका आनंद झाला की मी "हाव" दोनदा म्हटलं. सेवा शोधायला जायचीही गरज नव्हती. भिंतीपलीकडंच देवानं ठेवली होती.

पण मनात धाकधूक. माझ्या भांड्यांत कोंबडी शिजते, मासळी शिजते. म्हणून बाजारात जाऊन नवं पातेलं आणलं, नवा डबा आणला, पोळपाटसुद्धा नवा. ज्वारीच्या दोन भाकरी, वरण, मेथीची भाजी असा डबा घेऊन गेले आणि उंबऱ्यातूनच सांगून टाकलं, "अव्वा, भांडी समदी कोरी हायेत. ह्याच्यात दुसरं काय बी शिजलेलं न्हाई."

"एवढं कशाला गं पोरी?" अव्वा म्हणाल्या. "ठेव तिथं. आता भूक न्हाई. मागनं खाते."

संध्याकाळी डबा घासूनपुसून लख्ख, माझ्या दाराशी. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. "भूक न्हाई गं, ठेव तिथं," आणि संध्याकाळी रिकामा डबा. दादा विचारायचे, "जेवली का आई?" मी म्हणायची, "हाव दादा, डबा साफ हाय." ते खूश, मी त्याहून खूश. रात्री पडल्या पडल्या मी साक्ष जुळवायला लागले. पहिलं वाक्य ठरलंसुद्धा: प्रभूनं माझ्या हातच्या भाकरीला चव दिली.

पाचव्या दिवशी डबा देऊन दवाखान्यात गेले आणि लक्षात आलं की मोबाईल घरीच राहिला. परत आले ती मागच्या बोळातून. बघते तर अव्वांच्या मागच्या दारात एक पांढरी मोकाट गाय मान आत घालून उभी. अव्वा चांगल्या हातानं माझी भाकरी तिच्या तोंडात देत होत्या. वरण घमेल्यात ओतलेलं. गाय अगदी ओळखीची असल्यासारखी शेपूट हलवत होती. पाच दिवसांची ओळख होती ती.

मी मोबाईल न घेताच परत फिरले.

माझ्या आईनं लहानपणी एक गोष्ट शिकवली होती. कुणाच्या दारात पाणी मागितलं आणि त्यांनी वरून ओतलं, तर ओंजळ पुढं करायची, तोंड वर करून बघायचं नाही. प्यायचं आणि चालू लागायचं. प्रभूच्या घरात आल्यावर ती ओंजळ सुटली असं मला वाटायचं. त्या दुपारी फरशी पुसताना कळलं, सुटली नव्हती. माझ्या हातचं गाईला चालतं, अव्वांना चालत नाही. नवं पातेलं घेऊन काय झालं? हात तर जुनेच होते.

त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर शेजारीण म्हणाली, "काय गं, रोज डबा नेलालीस अव्वाला. चर्चला न्यायची तयारी का काय?"

बायका हसल्या. मीही हसले. पण घागर अर्धीच भरून आणली. डबा बंद करावा का? केला तर अव्वा जेवणार काय? चालू ठेवला तर गाय जेवणार. शेवटी एक युक्ती केली. स्वयंपाक केला आणि डबा दादांच्या हातात दिला. "दादा, आज तुम्ही न्या. तुम्हीच केलंय म्हणून सांगा."

"मी? मला भाकरी थापता येत न्हाई हे तिला ठाऊक हाय की."

"मग हॉटेलातून आणली म्हणा."

दादांनी नेला. खोटं बोलायला लावल्याबद्दल मी मनातल्या मनात क्षमा मागितली आणि बोळात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं मागचं दार उघडलं. गाय आलेलीच होती. लेकानं हॉटेलातली म्हणून दिलेली भाकरीसुद्धा गाईलाच गेली.

म्हणजे भानगड माझ्या हाताची नव्हती. आधी हायसं वाटलं, आणि लगेच त्याहून मोठी भीती वाटली. संध्याकाळची खिचडीही त्या "दुपारी लई जेवले" म्हणून टाळत होत्या, हे दादा बोलले होते. मग ही म्हातारी सहा दिवस जगतेय कशावर?

मी सरळ पुढच्या दारानं आत गेले. अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकलेले. समोर गोळ्यांचं पाकीट.

"अव्वा, डबा कोण खातंय?"

"मीच की."

"तुम्हाला शिंगं कवा फुटली?"

त्यांनी डोळे वटारले. "चोरून बघतीस व्हय गं? मोठी शहाणी!" मग मागच्या दाराकडं बघितलं, पुढं दुकानात लेकाचा आवाज येत होता तिकडं बघितलं, आणि आवाज खाली आणला. "बस. लेकराला सांगणार नसशील तर बस."

मी बसले.

त्यांनी गळ्यातली चांदीची डबी उजव्या हातानं वर उचलून दाखवली. त्यात त्यांचं इष्टलिंग, लिंगायत जन्मभर गळ्यात बाळगतात ती महादेवाची छोटी पिंड. "रोज आंघोळ झाली की हे डाव्या तळहातावर घ्यायचं. उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा. डोळे भरून बघायचं. मग तोंडात अन्न. लहानपणी गळ्यात बांधलंय तवापास्नं पूजेबिगर अन्नाचा कण न्हाई खाल्ला." त्यांनी प्लॅस्टरचा हात मांडीवर आदळला. तळहात गुडूप आत. "आता ठिवू कुठं? चुन्याच्या दगडावर?"

"मग खाता काय?"

"दूध. केळं."

"सहा दिस?"

"दोन महिने म्हणलाय डाक्टर. काढीन की."

"अव्वा, पूजा मनातल्या मनात करा."

"तू जेवतीस का मनातल्या मनात?"

मी माझा हात पुढं केला, पंजा उघडून. "मग माझ्या हातावर ठेवा. मी हलणार न्हाई."

अव्वांनी डबी छातीशी धरली. माझा हात तसाच राहिला. त्यांना ते दिसलं असावं, कारण त्या घाईघाईनं म्हणाल्या, "तू म्हणून न्हाई गं पोरी. कुणाच्याच हातात द्यायचं नसतंय ते. माझ्या लेकाच्या हातातबी न्हाई देणार. तुझ्या डब्याचा वास आला की जीव कसा व्हतोय मला, ती गाय साक्षीला हाय!"

तू म्हणून न्हाई. एवढंच मला ऐकायचं होतं, आणि ते ऐकायला सहा दिवस लागले. मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"दादांना का सांगत न्हाई?"

"दुकान बंद करून बसंल उशाशी. न्हाईतर सुनंला बोलवून घील. आठ दिसाची बाळंतीण! देव काय म्हणंल मला?"

मी त्यांच्या प्लॅस्टरकडं बघत बसले. रोज बघते त्याच नजरेनं, दवाखान्यातल्या. आणि मला खिडकी आठवली.

प्लॅस्टरच्या आत कुठं जखम असली की तेवढ्या जागी आमचे प्लॅस्टरवाले मामा गोल तुकडा कापून काढतात. त्यातून मलमपट्टी होते, बाकीचं प्लॅस्टर तसंच राहतं. त्याला खिडकीच म्हणतात. अशा कितीतरी खिडक्यांचा चुरा मी झाडून काढलाय. अव्वांच्या तळहातावर जखम नव्हती. पण खिडकी तर पाडता येईल?

सुचलं खरं, पण मी मावशी. डॉक्टरांना कधी "साहेब, पाणी आणू का" याच्यापुढं बोलले नव्हते. आणि दुसरी भीती त्याहून खोल. मी प्रभूची. दुसऱ्याच्या देवाच्या पूजेची सोय मी करायची? हीच का माझी सेवा? हे उभं राहून सांगणार कसं?

मी बोळात जाऊन पाळकसाहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, गाईसकट. गाईच्या ठिकाणी ते इतके हसले की मला वाटलं फोन पडला.

"साहेब, पाप तर न्हाई ना हे?"

"प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, आठवतं? त्यातला एक त्याच रात्री त्याला विकणार होता. प्रभूला ते माहीत होतं. तरी धुतले. पाय कुठं जाणार ते पाय धुणाऱ्यानं ठरवायचं नसतं, बाई. म्हातारी उपाशी आहे ना?"

"हाव."

"मग फोन ठेवा आणि डॉक्टरांकडं जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अव्वांना रिक्षात घालून नेलं. दादांना सांगितलं, प्लॅस्टर दाखवून आणते. खरंच होतं ते. डॉक्टरसाहेब राऊंड संपवून खुर्चीत बसत होते. मी दारात उभी.

"काय मावशी?"

"साहेब, खिडकी पाडायची होती. अव्वाच्या प्लॅस्टरला. तळहातावर."

"का? जखम आहे?"

"जखम न्हाई साहेब. देव हाय."

मग मी एका दमात बोलले. डावा हात, भस्म, बेल, दूध, केळं, सहा दिवस, रिकाम्या पोटी गोळ्या. गाय मात्र गाळली. मी इतकी वाक्यं सलग त्या खोलीत कधीच बोलले नव्हते. अव्वा मागून मधेमधे "व्हय, व्हय" करत होत्या.

डॉक्टरांनी हात दिव्याखाली धरला, बोटं दाबून पाहिली, एक्स-रेचा फोटो पुन्हा पाहिला. "सूज उतरलीय. मनगटाची पकड सुटता कामा नये. तळव्याच्या मध्यावर छोटी चालेल." मामांना हाक मारली. "देवासाठी खिडकी आजवर पाडली नव्हती आपण."

"केवढी पाडू?" मामांनी विचारलं.

अव्वांनी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून गोल दाखवला. मामांनी इकडंतिकडं बघितलं. खोलीच्या खिडकीत चहाचा रिकामा कागदी कप होता. तो तळहातावर पालथा घालून पेननं गोल काढला आणि मशीन चालू केलं. करवतीचा आवाज ऐकून अव्वांनी डोळे गच्च मिटले, माझं मनगट असं पकडलं की त्याच्यावर चार बोटं उमटली.

"घाबरू नका अव्वा, ही कातडी कापत न्हाई," मामा म्हणाले.

"मी कशाला घाबरू? ही पोरगी घाबरलीय, तिला धरलंय मी."

गोल तुकडा निघाला. आत कापूस, आणि कापसाखाली अव्वांचा तळहात, पांढरा पडलेला, सुरकुतलेला. त्यांनी त्यावर फुंकर मारली, आणि लहान पोर हसतं तशा हसल्या. डॉक्टरांनी बजावलं, "एक थेंब पाणी लागता कामा नये." तेवढ्यानं अव्वांचं तोंड पडलं, कारण लिंगाला आधी स्नान असतं. पण माझी भीड आता मोडली होती. घरी गेल्यावर मी दुधाची रिकामी पिशवी धुऊन पुसून कापली, तिला गोल भोक पाडलं, प्लॅस्टरवर चढवली आणि कडेनं चिकटपट्टी लावली.

"आणि स्नान?" मी विचारलं.

"बेलाच्या पानानं दोन थेंब शिंपडीन. भागवून घील तो. माझ्यासारखा हट्टी न्हाई."

त्यांना आंघोळ घातली, कोरं लुगडं नेसवलं. त्या पाटावर बसल्या, डबी उघडली, आणि लिंग त्या खिडकीत अलगद बसलं. जणू तेवढंच माप घेऊन आला होता तो कप. पण प्लॅस्टरचा हात जड. दोन मिनिटांत थरथरायला लागला. मी मागं बसले होते. पुढं सरकले आणि खालून कोपर धरलं. लिंगाला हात लागू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते.

शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गात, मी एक गोष्ट ऐकली होती. डोंगरावर एका म्हाताऱ्याचे प्रार्थनेला उचललेले हात थकतात, तेव्हा दोघं जण दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. लहानपणी मला त्या म्हाताऱ्याचंच कौतुक वाटायचं. धरणाऱ्यांचे हात भरून आले असतील, हे त्या दिवशी कळलं.

अव्वांचं पुटपुटणं चाललं होतं. मी डोळे मिटले आणि माझ्या प्रभूला एवढंच म्हटलं, आभार. कशाचे ते त्याला ठाऊक होतं.

मग ताट वाढलं. अव्वांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. मी हातातला पदर पिळत बघत होते. त्यांनी मान वर केली.

"मीठ लई झालंय गं."

"अं?"

"खारट हाय. सहा दिस हेच वाढत हुतीस? ती गाय बिचारी बोलत न्हाई म्हणून बरं!"

दुकानातनं दादा आत डोकावले, कारण आम्ही दोघी इतक्या मोठ्यानं हसत होतो. मग अव्वांनी अडीच भाकरी खाल्ल्या. त्याच खारट वरणाबरोबर.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी उभी राहिले. कळ आली, पण उभी राहिले. रात्री वहीच्या पानावर लिहून नेलेलं सापडेना, म्हणून तसंच सांगितलं. भाकरीला चव दिली हे वाक्य आता चालण्यासारखं नव्हतंच. सांगितलं की मला वाटलं होतं अव्वा माझा हात नाकारतात, आणि खरं तर त्यांचा हातच बंद होता, आणि मी विचारलंच नाही. मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, "गाईचं सांगा की, बाई!" पाळकसाहेबांनी आधीच फोडलं होतं.

सून बाळाला घेऊन परतली. दोन महिन्यांनी प्लॅस्टर निघालं. आता अव्वांना कोपर धरायला माझी गरज नाही. वरण सूनच करते, मीठ बेताचं. पांढरी गाय अजून दुपारी मागच्या दाराशी येते आणि तिला भाकरी मिळते. तिचा हक्कच झालाय तो.

पण रविवारी उपासनेहून आले की भिंतीपलीकडून हाक येते. गेल्या रविवारी गेले तर दोन ताटं वाढलेली. अव्वांची पूजा केव्हाच झालेली, कपाळावर भस्म वाळलेलं. तरी ताटाला हात लावला नव्हता. जेवणाआधी मी डोळे मिटून चार शब्द पुटपुटते, हे त्यांनी कधीतरी पाहून ठेवलं होतं.

"तुझं झालं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अजून."

"मग कर की लवकर. मला भूक लागलीय."